टाकीतला विस्तव

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली मोजक्या घरांची वाडी, नाव सांगितलं तरी तुम्हाला ठाऊक नसायचं, आणि सासर खालचं कापडं गाव, म्हणजे वरून खाली आले एवढंच. पण खाली भात पिकतं म्हणून आईला वाटलं, पोरगी सुखात पडली. पडलेही, पण लाकडं काय सुटली नाय. तिथं लाकडं, इथं लाकडं. पावसाच्या आधी माळा भरून ठेवायचा, तरी ओलं एखादं निघायचंच, मग धूर, मग डोळे. आत्या, म्हणजे माझी सासू, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात, ती फुंकणी माझ्या हातात द्यायची आणि बोलायची, गो वनिते, बाईला विस्तव राखता आला पायजे, बाकीचं मागाहून येतं. शेजारणीच्या चुलीतला निखारा खापरीत घालून आणायचा, पण आपल्या घरातला विझू द्यायचा नाय, अशी ती. आता मी विस्तव राखायचंच काम करते. पण तो विस्तव असा निघेल असं तिच्या काय माझ्याही ध्यानात आलं नसतं.

आमचे हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर लागले, तेव्हा आम्ही कामगारांच्या चाळींत राहायला आलो. चाळींच्या टोकाला मैलापाण्याचं केंद्र हाय. घराघरातल्या संडासाचं, मोरीचं पाणी नळांतून तिथं येतं, आणि ज्यांच्याकडं नुसती टाकी त्यांचं टँकर घेऊन येतो. तिथं काम करणाऱ्यांना आणि पाळीवर येणाऱ्या सड्या माणसांना जेवण लागतं, म्हणून त्यांनी आवारातच एक स्वयंपाकघर बांधलं आणि बाई पायजे बोलले. मी गेले. वास येईल का विचारलं तर तिथला संजय बोलला, वहिनी, आधी चूल बघा, मग नाक धरा.

संजय म्हणजे ते केंद्र चालवणारा माणूस. महाडचाच, चवदार तळ्याच्या बाजूला त्याचं घर, बोलायला तिखट, कामाला पक्का. त्यानं मला शेगडीजवळ नेलं, तोटी सोडली, काडी लावली. ज्योत आली. निळी. धूर नाय, काजळी नाय, वास नाय. मी विचारलं, सिलिंडर कुठं ठेवलाय? तो खिडकीतनं बोट दाखवून हसला. बाहेर ती मोठी बंद टाकी, वर रबरी घुमट फुगलेला, टम्म, जसं म्हशीचं पोट. बोलला, तुमचं आमचं सगळ्यांचं त्यात हाय, वहिनी, सिलिंडर आपणच.

काय सांगू तुम्हाला, मी हात मागं घेतला. शेगडीला लावलेला नव्हता, तरी घेतला.

मग त्यानं समजावलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं सांगते. टाकीत हवा जात नाय. आत जिवाणू असतात, डोळ्याला दिसत नाय असले, ते सगळं खातात आणि गॅस सोडतात. गॅसला कुजका वास असतो, तो लोखंडाच्या किसाच्या डब्यातनं नेला की वास तिथंच राहतो. मग माझ्या शेगडीला येतो, उरलेला जनित्राला जातो, त्याच्यावर तिथले पंप आणि दिवे चालतात. खाली जो गाळ राहतो तो सुकवून खत. म्हणजे टाकायला काय उरतच नाय. मी बोलले, काय बोलतोस काय रे! मी टाकीला कान लावला. आत गुडगुडत होतं. खरंच पोटात गुडगुडावं तसं. थंडीचे दिवस होते आणि भिंत कोमट लागली हाताला. मी लय देवदेव करणारी बाई नाय, पण तिथं मी चप्पल काढून उभी होते, हे मला मागाहून कळलं. संजयनं बघितलं, पण चिडवलं नाय. एरवी सोडायचा नाय.

मला कळलं म्हणून सगळ्यांना कळत नाय. पाळीवरची माणसं जेवायची, भूक लागलेल्याला शेगडीचं काय. पण चाळीतल्या बायका माझ्याकडची आमटीची वाटी घेईनात. कुणी तोंडावर बोललं नाय, उपास हाय बोलायच्या, रोजच उपास. कापड्याला आत्याला कळलं तशी ती आमच्याकडं यायची बंद झाली. मी गेले की नीट बोलायची, पण मी दिलेलं पाणी प्यायची नाय, स्वतः उठून हंड्यातनं घ्यायची, गुडघे दुखत असले तरी. मी बोलले, आत्या, मी स्वयंपाक करते, गटार साफ करत नाय, आणि केलं असतं तरी काय. ती बोलली, तुला बोलतंय कोण, मी त्या विस्तवाला बोलते. तो घाणीतनं आलाय.

हे मी संजयला सांगितलं तर तो टाकीच्या कठड्याला टेकून बोलला, वहिनी, माझ्या आज्याच्या वेळी पाणी बाटायचं, आता तुमच्यात आग बाटायला लागली. कायतरी सोडा की बाटवायचं. मी कांदा चिरायला घेतला.

मला एकच लागून राहिलं होतं. माझ्या चुलीवरचं माझ्या घरच्या माणसांनी खाल्लं पायजे. बाकीच्या जगानं नाय खाल्लं तरी चालेल.

मागच्या शिमग्याची गोष्ट. वसाहत ज्या गावाच्या हद्दीत येते त्या गावची पालखी शिमग्यात दारोदार फिरते, चाळीतही येते. पालखीचे मानकरी वासूदादा चाळीतच राहतात, नोकरीतनं निवृत्त झालेले, मोठा सरळ माणूस. ते बोलले, वनिता, पालखी केंद्राच्या फाटकावरनं जाणार, देवाला वास आला तर बरं दिसेल का? मी बोलले, दादा, वास येत नाय. ते बोलले, आपल्याला सवय झालीय, देवाला नाय. मग काय, चाळीनं कंबर कसली. पूर आला की महाडात जे करतात तेच. आमच्या इथं चिखल ओसरला की पहिलं काय करायचं तर फिनेल आणि ब्लिचिंग पावडर, घरात, अंगणात, गटारात, जिथं हात पोचेल तिथं. हाताला सवयच ती. बायकांनी मोऱ्या धुतल्या, संडास धुतले, आणि वासूदादांनी चाळीतल्या मंडळाच्या माणसांकडून फिनेलची पिंपंच्या पिंपं आणवून मैलापाणी जिथं पहिल्यांदा पडतं त्या हौदात ओतली. संजय त्या दिवशी सुट्टीवर. राखणदाराला वाटलं, देवाचं काम हाय.

पालखी आली. फिनेलचा वास सुटला होता, देवाला तो चालला असावा. ढोल वाजले, पालखी नाचली. चहा मी शेगडीवर ठेवला तर वासूदादा हळूच बोलले, वनिता, आजच्या दिवस बाहेर तीन दगड मांड ना. मी मांडले. लाकडं पेटवली, धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं, सगळे चहा प्यायले आणि बोलले, वा, फक्कड.

त्यानंतर माझी ज्योत बारीक होत गेली. आधी पिवळी पडली, मग भांड्याखाली नुसती थरथरायची, मग काडी लावली की काडीच विझायची. बाहेर घुमट बसला. सुरकुत्या पडल्या त्याला. संजयनं टाकीतलं पाणी काढून बघितलं, वास घेतला, आंबट. कागदाची पट्टी बुडवून बघितली आणि तिथंच खाली बसला. बोलला, मारलं वहिनी. आतलं सगळं मारलं. मी बोलले, कुणी? तो बोलला, देवानं नाय.

मी टाकीला कान लावला. आत काय नाय. सगळं गप. तुम्हाला सांगते, माणूस गेल्यावर घर लागतं ना, तसं लागलं. मैला तेवढाच होता, टाकी तीच होती, नळ तेच, पण आतलं ते न दिसणारं गेलं आणि नुसती घाण उरली. तेव्हा मला कळलं, आपण ज्याला घाण म्हणतो ती, आणि विस्तव, ह्यांच्यामध्ये कोण बसलं होतं ते.

वरच्या साहेबांनी सांगितलं, नवीन मैला घालू नका, चुना टाका, आंबटपणा मारा आणि जिवंत शेणकाला घाला, गुरांच्या पोटात तेच जिवाणू असतात. ताजं शेण पायजे, भरपूर. नाय जमलं तर टाकी रिकामी करू, आणि मग ती परत चालू करायची का ते वर ठरवतील. संजय बोलला, वर ठरवतील म्हणजे बंदच. चाळीत गुरं कुणाची असणार? मी बोलले, कापड्याला जाते.

आत्या गोठ्यात होती. आमच्या म्हशी, बैल, आणि भावकीचीही गुरं तिच्याच हाताखाली. मी बोलले, आत्या, शेण पायजे. ती बोलली, कशाला गो, फरशी सारवणार हायस? मी सगळं सांगितलं, फिनेलसकट. मला वाटलं बोलेल, बरं झालं विझला तो. ती खराटा टेकून उभी राहिली. मग बोलली, म्हणजे आत जीव होता? मी बोलले, होता. तुझ्या म्हशीच्या पोटात असतो तोच. ती बोलली, आणि त्या गाढवांनी फिनेल ओतलं? अगो, विरजणात कुणी फिनेल ओततं का! मग भावकीला हाका मारायला लागली. बोलली, विरजण संपलं तर शेजारणीकडं मागायला लाज कसली, भरा टेंपो. वर स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मी बोलले, तू कुठं? ती बोलली, माझं शेण कुठं पडतंय ते मी बघणार.

वासूदादा फाटकाशीच उभे होते, तोंड उतरलेलं. आत्यानं त्यांना वरखाली बघितलं आणि बोलली, दादानू, देवाला शेणाचा वास चालतो ना? मग घ्या घमेलं. त्यांनी धोतर खोचलं आणि घेतलं. संजय कोमट पाण्यात कालवत होता, चाळीतल्या उपासवाल्या बायकाही पदर खोचून आल्या, कारण शेण त्यांना कळतं. शेणाला कोण नाक मुरडत नाय.

पुढं टेंपोच्या फेऱ्या होत राहिल्या आणि आम्ही वाट बघत राहिलो. मी दगडांवर रांधत होते. रोज सकाळी संजय तोटी सोडून काडी लावायचा, काडी विझायची, तो पंपाकडं जायचा. एक दिवस मी टाकीपाशी पीठ चाळत बसले होते आणि मला एक बुडबुडा ऐकू आला. एकच. मी चाळण थांबवली. मग दुसरा. मी संजयला हाक मारली नाय, म्हटलं उगाच असायचा. पण होता. घुमटाच्या सुरकुत्या एकेक करून सुटायला लागल्या, आणि एका सकाळी काडी विझली नाय.

ह्या शिमग्याला पालखी आली तेव्हा आत्या माझ्याकडं होती. पाणी अजून स्वतःच्या हातानं घ्यायची. पालखी स्वयंपाकघराच्या दारात टेकवली, वासूदादा बोलले, आरती करा. निरांजन तयार, आणि वारा असा की काड्या पेटेनात. सगळे खिसे चाचपायला लागले. आत्या उठली, गुडघ्यावर हात देऊन, निरांजन घेऊन आत आली. शेगडी चालू होती, तीस माणसांचा चहा वर. तिनं भांडं कडेला सरकवलं, वात त्या निळ्या ज्योतीला लावली आणि पदराआड धरून बाहेर गेली. संजय दारात उभा होता, तो बाजूला झाला. वासूदादांनी बघितलं. आरती झाली.

मग ती आत येऊन बसली आणि बोलली, गो, चहा दे, उभी काय राहिलीस. मी दिला. प्यायली. बोलली, साखर कमी हाय.

आता ती इथंच असते बऱ्याचदा. टाकीजवळ उन्हाला बसते आणि नव्या माणसाला सांगते, हे माझ्या म्हशींचं. मी बोलते, आत्या, त्यात अख्खी वसाहत हाय. ती बोलते, असू दे, नांदू दे. मला तरी दुसरं काय पायजे. गुडगुडत राहू दे, एवढंच.