गिअर उजव्या पायाला

हॅलो?… हं, बोल गं भिंगरी. थांब जरा, हात तेलात बरबटलेत… स्पीकरवर टाकते. कोपराने दाबलं बघ. बोल आता.

आत्याच्या गॅरेजात एका स्कूटरचं इंजिन बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळलेलं होतं. तिने फोन तिथेच डब्याला टेकवून उभा केला आणि पुन्हा घासायला लागली. सुट्टीच्या दिवशी भाचीचा फोन म्हणजे जेवायला येते की नाही, एवढंच असायचं.

कुठे आहेस?… कुठल्या टेकडीवर?… परत बोल.

घासणं थांबलं.

कुणी बोलावलं तुला तिथे?… कप्तानाने. वाटलंच. मिशीला पीळ देत म्हणाला असेल, बापाची गाडी लेकीनेच उतरवावी… हो, हो… अगं ऐक ना… नाही, आधी तू ऐक. आईला सांगितलंस?… मग मला कशाला सांगतेस? मुहूर्त विचारायला?

कप्तान म्हणजे डोंगरदऱ्यांत पळवायच्या जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. भिंगरीचा बाप, आत्याचा दादा, त्याच टोळीतला. त्याच टेकडीच्या उतारावर गेला. मागे चेपलेली गाडी उरली. वहिनीने ती डोळ्यांसमोर नको म्हणून देऊन टाकली आणि टोळीने वर्षानुवर्षं खपून ती उभी केली. टाकीला मूळचा रंग, त्यावर मूळच्या पट्ट्या, कुठून कुठून हुडकून आणलेला मूळचा दिवा. जिवंत माणसासाठी हे लोक कधी एवढे खपले नव्हते.

हो, सुंदर दिसते. पाहिलीय मी, फोटोत… एक सांग. गिअर कुठल्या पायाला ठेवलाय?… उजव्या. म्हणजे ब्रेक डाव्या… मूळचं तसंच होतं, ते मला तुझ्या जन्माआधीपासून माहितीये. ब्रेक इकडचा तिकडे केला की पाप लागतं यांना. तू रोज जी चालवतेस तिला ब्रेक कुठल्या पायाला आहे?… हं, उजव्या… सकाळपासून सवय केलीस? कुठे, सपाटीवर? म्हणजे पाटावर बसून पोहायला शिकलीस म्हण की.

दादा गेला तेव्हा ती गाडी आत्याने पाहिली होती. गिअरचा दांडा खाली वाकून इंजिनाला टेकला होता. गिअर बदलताना कुणी एवढा जोर लावत नाही. एवढा जोर माणूस फक्त ब्रेकवर लावतो. टोळीने दुरुस्ती काढली तेव्हा सगळ्यात आधी तोच दांडा सरळ केला, वर चकाकी चढवली. मग दादा कसा गेला हे सांगणारं काहीच उरलं नाही. उरल्या त्या गोष्टी. दगडावरून झेप घेतली, हवेत हात सोडले, हसत गेला. दर वेळी गोष्टीतला दादा आधीपेक्षा थोडा जास्त हसायचा.

कोण हसत गेला?… गप. तू नव्हतीस तिथे… मीही नव्हते, मान्य. कप्तान होता, पण मागे, धुळीत. त्याला स्वतःचं चाक दिसत नव्हतं, तुझ्या बापाचं तोंड कुठून दिसणार?… अगं, नको. किक मारू नकोस, बोलतोय ना आपण… भिंगरी…

गाडी एका किकेत लागली.

रंग नवा, पट्ट्या नव्या, पण आवाज तोच. टर्रर करता करता मध्येच एक ठोका गिळायचा, बोलता बोलता कुणी आवंढा गिळावा तसा.  गॅरेज आणि घराच्या मधल्या दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. हातातल्या पातेल्यातून पाणी ठिबकत होतं. ती मान जराशी कलती करून ऐकत राहिली, ओळखीचं पाऊल जिना चढतंय अशी.

…आहे, आहे मी. ऐकतेय… आई? आई आत आहे, कामात.

आत्याने वहिनीकडे पाहायचं टाळलं.

फोन कानात आहे ना?… हेल्मेटच्या आत. बरं. मी अडवत नाही तुला. अडवून तुझा बाप थांबला नाही, तू काय थांबणार. एक कर फक्त. न्यूट्रलला आहे?… क्लच दाबून धर. काही झालं तरी सोडायचा नाही. आता डोळे मीट… मीट गं, अंतरपाट नाही धरलेला. उतार डोळ्यांपुढे आण आणि मला सांग, कसा जातो… हं… आधी खडी… हं… मग मोठा दगड. दगडापुढे?… घळ. आणि त्या वळणावर एक झुडूप होतं बघ, पिवळ्या फुलांचं, ते आहे का अजून? केवढं झालंय? मी पाहिलं तेव्हा गुडघ्याएवढं… थांब!

आत्याने हातोडी उचलून बाकावर आपटली. वहिनी दचकली नाही.

कुठला पाय हलला?… मला खूश करायला नको सांगूस. खरं सांग. कुठला?

इंजिन चालूच होतं, ठोका गिळत.

हं… त्याचाही.

…हो. उजवाच. सहा दिवस साधी गाडी चालवायचा आणि सातव्या दिवशी ही. पायाला काय माहीत आज वार कुठला? ब्रेक म्हणून दाबला गं त्याने. सगळा जीव लावून दाबला. दांडा वाकला होता, मी या हातांनी चाचपलाय. हसत-बिसत नाही गेला. थांबायचं होतं त्याला.

…रड, पण नंतर. आधी क्लच. सोडला नाहीस ना? गाडी गिअरमध्ये पडलीय आता, तुझ्याच पायाने. तसाच धर. पुढचा ब्रेक हाताने आवळ… कप्तान काय ओरडतोय?… फोटो राहिला? त्याला म्हणावं, तूच बस आणि हसत जा… आता अंगठ्यापाशी काळं बटण आहे, ते दाब. दाबूनच ठेव.

आवाज दोनदा ठेचकाळला आणि बंद पडला. मागे नुसता वारा राहिला.

झालं?… उतर. गाडी राहू दे त्यांच्याकडे. पुजा म्हणावं तिला. तू पायवाटेने खाली ये…

वहिनीने पातेलं खाली ठेवलं. ओले हात पुसले, कानामागे केस सारले आणि बाहेरच्या अंगाला निघाली.

थांब गं, ठेवते मी… नाही, आई… इथेच होती, सगळा वेळ. आत्ता फाटक उघडायला गेली… कुणी नाही आलं. तुझं इंजिन बंद झालं ना, तिला वाटलं, तुझा बाप घरी पोचला… मी काय सांगू तिला? तू ये, भिंगरी. तू ये लवकर. ठेवते.