दोन थरांचं दार

रेझिनच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारे काका होते. दुकानदार त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलत होता.

"फायबरच्या दाराचं माप दोन चौरस मीटर. चार थर द्यायचे तर साडेतीन किलोच्या वर काचतंतूंची मॅट लागेल, आणि नऊ किलो रेझिन."

"दोनच थर धर."

"मग सगळं निम्मं. रंग कुठला मिसळू?"

"रंग नको. बाहेर माणूस उभं राहिलं की आत सावली दिसली पाहिजे."

"जुनं दार चांगलं दणकट आहे की. माल मीच दिला होता."

"त्यातनं काही दिसत नाही, आणि मला ऐकू येत नाही. मुलगी सहा वर्षांनी आली होती. शेजारीण सांगते, बराच वेळ दार वाजवत होती. मी आत जागाच होतो रे."

"मग फोन लावा की तिला."

"नंबर कुठाय माझ्याकडे?"

"काका, दोन थर वाऱ्याला टिकायचे नाहीत. वर्षभरात तडकेल दार."

"तडकलं तर पुन्हा येईन तुझ्याकडे. तेव्हाही दोनच धर."