बिराच्या शोकठरावातलं एक वाक्य

आबा, म्हाकूबाई, आणि पेठेतल्या सगळ्या माणसांनो,

एवढे सगळे आलात. मिलची पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट इथे आलेलेही दिसताहेत, अंगावर अजून सूत आहे. जिन्यावर बायका उभ्या आहेत. बरं वाटलं. भीतीही वाटली. मी शाळेत शिकवणारी, घरात बसून लिहिणारी बाई. कागदावरचं खोडता येतं. चार माणसांत बोललेलं खोडता येत नाही, हे मी याच पेठेत शिकले. त्या शिकण्याची किंमत मात्र मी दिली नाही. बिरानं दिली.

मी त्याला अरे-तुरे करायची. आजही तसंच म्हणणार. तुम्ही समजून घ्या.

शोकठरावाला अनुमोदन द्या, एवढंच अध्यक्ष म्हणून आबांनी मला सांगितलं आहे. ठराव चार ओळींचा आहे. बिरा आपल्या शाळेचा शिपाई होता, त्याआधी फौजेत होता, मनानं सरळ होता, हे सगळं खरं आहे. तिसरी ओळ अशी आहे : ‘युद्धात झालेल्या जखमांमुळे त्यांना वीरमरण आले.’

या ओळीला मी अनुमोदन देऊ शकत नाही.

आबा, थांबा. मला पुरतं बोलू द्या. मग हवं तर मला खाली बसवा.

परवा सकाळी शाळेच्या हौदाशी बिराला फेफरं आलं. हौदात गुडघाभर पाणी होतं. तो तोंडावर पडला. मुली प्रार्थनेला उभ्या होत्या, कुणाला आवाज आला नाही. मी गेले तेव्हा त्याचा लाकडी पाय हौदाच्या काठाला अडकून वर राहिला होता. गुडघाभर पाण्यात माणूस मरतो. मी पाहिलं.

ते फेफरं कुठून आलं? सरहद्दीवरून आलं नाही, मंडळी. पाय सरहद्दीवर गेला. फेफरं आपल्या चौकातलं आहे.

तुम्हाला आठवतं. सहा वर्षं म्हणजे काही फार नव्हे.

लढाई संपली होती. आपण जिंकलो होतो. याच पेठेत पेढे वाटले होते, मीही खाल्ले होते. मग उन्हाळ्यानंतर सिमल्याला तह झाला आणि बातमी आली की जिंकलेला मुलूख परत द्यायचा. पार्लमेंटनं तह मान्य केला की लगेच फौज मागे येणार. काय संताप होता! चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, मागाच्या खडखडाटात, एकच बोलणं : रणात कमावलं ते तहात गमावलं. तह नामंजूर व्हावा म्हणून गावोगाव सभा. आपल्या चौकातही ठरली. आबा पुढे होते. आणि आबांना सुचलं, आपल्याकडे तर लढाईतून आलेला जवान आहे.

बिरा तेव्हा पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून नुकताच आला होता. कुबड्यांवर होता. बायकोच्या, म्हणजे म्हाकूबाईंच्या भावाकडे, आमच्या बोळात राहत होता. सांगोल्याच्या माळावरचा मेंढक्या. तो सरहद्दीवर असताना म्हाकूबाईंची पत्रं मीच लिहिली होती, त्याची मीच वाचून दाखवली होती. तेव्हा भाषणही मीच लिहावं असं ठरलं.

मी लिहिलं. फार मन लावून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘रक्तानं घेतलं ते शाईनं देणार नाही.’ आबांना इतकं आवडलं की सभेच्या आधीच ते भिंतींवर रंगवलं गेलं. मी येता-जाता ते वाचायची. खोटं कशाला सांगू, छाती भरून यायची.

मी बिराला भाषण वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला, “बाई, लई झ्याक लिवलंय की! पर ह्ये माज्या तोंडात म्हंजी म्हशीला शालू नेसवल्यागत वाटतंय.”

मी म्हटलं, “पाठ कर. शोभेल.”

“करतो की,” म्हणाला.

त्यानं पाठ केलंही होतं. म्हाकूबाई सांगतात, तो अंथरुणावर पुटपुटायचा.

सभेच्या दिवशी चौक फुलला होता. मी व्यासपीठाच्या कडेला, आबांच्या शेजारी. बिरा माइकसमोर उभा राहिला, एका हातात कुबडी, एका हातात माझा कागद. टाळ्या थांबेनात. थांबल्या तेव्हा त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

तो काय बोलला? ज्यांनी ऐकलं नाही, आणि ज्यांना ऐकायचंच नव्हतं, त्यांच्यासाठी सांगते.

तो म्हणाला, “माजा पाय लडाईत न्हाय गेला. लडाई थांबल्यावर गेला. आमी त्यांच्या एका गावात बसलो हुतो. गाव रिकामं. मानसं पळून गेल्याली. भवताली रानात सुरुंग. काय त्यांनी पेरल्यालं, काय आमी पेरल्यालं. एक दिस सकाळी रानाच्या पल्याड मेंढरं दिसली. उपाशी. हाडं वर आल्याली. आन माज्या तोंडातनं हाळी गेली. बापानं शिकिवल्याली हाळी. सवयच ती. मेंढरू दिसलं की आपुआप जाती.”

त्यानं कुबडी काखेत नीट धरली आणि पुढे म्हणाला,

“मेंढराला मुलूख कळत न्हाय. हाळी कळती. ती निगाली माज्याकडं. सरळ. सुरुंगातनं. पयलं उडालं. मग दुसरं. म्या वरडतोय, थांबा, मागं सरा. माजा आवाज ऐकून आनखी पळत याय लागली. पोटं फुटत हुती, तरी मागची येत हुती. आन त्यांच्या मागनं एक म्हातारा. गाव सोडून न्हाई गेल्याला. त्यांचा मालक. हात वर करून पळत आला मेंढरं वळवाय. त्यो बी उडाला. कमरंखाली काय ऱ्हायलं न्हाय. जित्ता हुता. माज्याकडंच बगत हुता. म्या त्याला आनाय गेलो, तवा माजा पाय गेला.”

मग तो म्हणाला, “त्यो म्हातारा माज्या हाळीनं मेला. ज्याचं गाव त्याला द्या. कागूद पास करा. आन देताना कुटं कुटं पेरलंय त्ये बी सांगा.”

एवढंच. फितुरीचा एक शब्द त्यात नव्हता.

पहिली आरोळी मागून आली. “ए लंगड्या, खाली बस!” दुसरी, “पाकिस्तानचा जावई!” कुणी हसलं. कुणी म्हणालं, “मेंढरं राखायला जा, मेंढक्या, भाषण कसलं करतोस!” तरी तोवर आरोळ्याच होत्या. दगड नव्हते.

आता माझं सांगते. सहा वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही.

मला राग आला होता. म्हाताऱ्याचा नाही, मेंढरांचा नाही. माझं वाक्य वाया गेलं याचा राग. आणि रागाखाली भीती होती. भाषण मी लिहिलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांना वाटेल, हे बाईंनीच शिकवलं. मी आबांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “आबा, हे मी लिहिलेलं नाही.”

आबांनी माइक ओढला. “ऐका! बाईंनी लिहून दिलेलं हे नव्हे! याला कुणी पढवलंय, विचारा त्याला!”

आबा, मी तुमच्याकडे बोट दाखवत नाही. तो शब्द मी दिला. तुम्ही तो मोठ्यानं म्हणालात.

मग दगड आले. रस्त्याच्या कामासाठी चौकात खडीचा ढीग होता. दुष्काळी कामावर बायांनी फोडलेली ती खडी. म्हाकूबाई तेव्हा त्याच कामावर जात होत्या. पहिला खडा कुबडीला लागला. दुसरा खांद्याला. तो पडला नाही. एका पायावर उभा राहून हात वर करून काही तरी सांगत होता, ऐकू येत नव्हतं. मग कानाच्या वर लागला. नारळ फुटावा तसा आवाज आला. तो खाली गेला, तरी खडे थांबले नाहीत. खाली पडलेल्या माणसावर खडे, मंडळी! एक त्याच्या तुटलेल्या मांडीवर लागला, टाके उसवले. काही जण व्यासपीठावर चढले, लाथा घातल्या. कुणी त्याचीच कुबडी उचलून त्याच्या पाठीत घातली. मी खुर्चीला धरून बसले होते. माझ्या पातळावर रक्त उडालं. मी उठले नाही.

उठले ते नरसय्या. समोरच बसले आहेत. त्यांना पुरतं मराठीही येत नाही. त्यांनी मागावरून नुकतीच उतरवलेली नवी चादर त्याच्या डोक्याला गुंडाळली आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळाले. खडे त्यांनाही लागले. किती लागलं, हे त्यांना आपण कधी विचारलं?

दगड कुणी मारला, मला माहीत नाही. मारणाऱ्यालाही माहीत नसेल. एक नव्हता.

तह मंजूर झाला. हिवाळ्यात आपली फौज माघारी आली. भिंतीवरचं वाक्य पावसानं गेलं. आणि बिराला महिन्यात एक, मग आठवड्यात एक फेफरं येऊ लागलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, डोक्याच्या हाडाचा तुकडा आत दबला आहे.

एकदा शाळेत, मधल्या सुट्टीत, मी धीर केला. म्हटलं, “बिरा, त्या दिवशी आबांना मीच बोलले होते.”

तो घंटा पुसत होता. म्हणाला, “ऐकलं हुतं की, बाई. पाय गेला हुता, कान न्हाय.”

“मग कधी बोलला नाहीस?”

“तुमी बी कुटं बोलला?” म्हणाला, आणि पुसत राहिला.

त्यानं आपली चूक भर चौकात, खडीच्या ढिगासमोर सांगितली. मला सहा वर्षं लागली, आणि त्याचं मरण लागलं.

आज दुपारी ठराव वाचल्यावर मी आबांकडे गेले होते. आबा वाईट माणूस नाहीत, हे पेठेला माहीत आहे. ते म्हणाले, “बाई, जुनं उकरून कुणाचं भलं होणार? मेलेल्याला वीर म्हणून जाऊ द्या की. पेठेची अब्रू राहील, त्याचीही राहील.” मला ते क्षणभर पटलं. म्हणून मी म्हाकूबाईंना विचारायला गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या,

“वीर म्हना, न्हायतर नगा म्हनू. पर माज्या मालकाला लांबच्या लोकांनी मारलं, असं नगा लिवू.”

तेव्हा ती ओळ मी खोडली आहे. तिच्या जागी लिहिलेलं वाचते :

‘सरहद्दीवर सुरुंगाने त्यांचा पाय गेला. तहाच्या बाजूने बोलले म्हणून आपल्या चौकात आपण त्यांचे डोके फोडले. त्या जखमेने त्यांना मरण आले.’

यात वाक्याची ऐट नाही. अलीकडे मला ऐटीची भीती वाटते.

आता ठराव मंजूर करायचा. शोकठरावाला हात वर करत नाहीत, आपण दोन मिनिटं उभे राहतो, तीच मंजुरी. आज मी एवढंच मागते की सवयीनं उभे राहू नका. ही ओळ ज्याला मान्य असेल त्यानं उठावं. ज्याला मान्य नसेल त्यानं बसून राहावं. त्याच्यावर कुणी डोळे वटारणार नाही, कुणी ओरडणार नाही, आणि काही फेकणार नाही. आबा, तुम्हालाही तेच.

म्हाकूबाई, तुम्ही उठू नका. बसा. आज आम्ही उभं राहायचं आहे.