करंगळीएवढा प्लग

न्हाय, मला एक सांगा, गाडीला दमा होतो का हो? माणसाला होतो, म्हशीला होत असंल, पण गाडीला? आमची गाडी रविवारी सकाळी सोलापुरात आमच्या गल्लीत उभी आणि आवाज काय... घर्र घर्र घर्र ठुक! घर्र घर्र घर्र ठुक! अख्खी गल्ली गॅलरीत! तुमाला सांगतो, चार सिलिंडरची गाडी तीनावर चालली होती, चौथा नुस्ता बसून! कशामुळं? प्लगामुळं. स्पार्क प्लग. आणि प्लग केवढा? एवढा! करंगळीएवढा!

आणि दिवस कोणता? मुलगी बघायला जायचा! मैंदर्गीला, अक्कलकोटाच्या पुढं! मुलगी म्हंजे महेश्वरी. आता तुमी म्हणाल, अरे बसू, बघायचं काय त्यात, पोहे खायचे आणि यायचं. तसं न्हाय ओ! ही मला आधीच आवडलेली. अक्कलकोटात एका लग्नात दिसली होती, पंगतीत वाढताना तिनं मला न विचारता तिसरी पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "लाजताय कशाला, दोनावर कोण थांबतं का?" खलास! तवाच ठरवलं, हीच. आणि हिचे वडील चनमल्लप्पा, त्यांचं म्हणणं एकच... जो पोरगा वेळेवर येत न्हाय, तो संसार काय करणार? याआधीचं एक स्थळ अर्धा तास उशिरा आलं, तर त्यांना दारातनंच चहा पाजून लावून दिलं म्हणं! बारा वाजता पोचायचं. आणि गाडी? घर्र घर्र घर्र ठुक!

नेली कशीबशी मैनोद्दीनभाईंच्या गॅरेजात. मैनोद्दीनभाई म्हंजे आवाज पाचशे, काम पन्नास. बॉनेट उघडायच्या आत म्हणतात, "कुछ नै जी, प्लगच है! दो मिन्ट का काम, चाय पीने तक गाडी पळती!" चहा आला, चहा प्याला, कप धुवून गेला. भाईंनी प्लगला पाना लावला, एक हिसका दिला... कट्ट! वरचं चिनीमातीचं नरडं मोडून हातात, खालचं लोखंड इंजिनात घट्ट!

"टूट गया जी," म्हणतात. जसं काय मीच तोडला!

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. अप्पा म्हंजे आमचे वडील, शंकरप्पा. तिकडनं चनमल्लप्पा, "एल्ली बंद्री?" म्हंजे कुटं आलाव? आता खरं सांगावं की न्हाय? पण अप्पांनी इंजिनाच्या त्या भोकाकडं बघत, गॅरेजात उभं राहून, एकदम गोड आवाजात सांगितलं, "बंदेव्री, बंदेव! आलोच की, वळसंगपाशी हाय!"

वळसंग! अर्धी वाट! आमी अजून सोलापूरचा चहासुद्धा पचवला नव्हता!

भाईंनी त्या भोकात बॅटरी मारली आणि वाकून डोळा लावला. मी म्हटलं, काय झालं? म्हणतात, "बसूभाई... अंदर मुंग्या है."

मुंग्या! इंजिनात! साखरेच्या डब्याला लागतात तसल्या, लाल, रांगेत! भाईंनी हवेचा पाइप लावून भस्सकन हवा मारली, तर गंज, चिनीमातीचे तुकडे आणि मुंग्या सगळं उडालं ते थेट अप्पांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर! अप्पा नाचायला लागले. आणि तेवढ्यात फोन, "एल्ली बंद्री?" अप्पा एका हातानं पाठ झटकत, "वळसंग... आई गं... वळसंगपाशीच हाय, ट्रॅफिक हाय ओ!"

वळसंगात ट्रॅफिक! शेळ्यांचा का?

आणि मग भाईंनी बोट आत घातलं, वास घेतला आणि म्हणाले, "ये मीठा पानी कायकू डाला जी इसमें?"

मी आईकडं बघितलं. आई, म्हंजे काशम्मा, मागच्या सीटवर पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन बसलेली. शांत. म्हणाली, "नारळाचं असंल."

झालं असं, आमच्याकडं दर अमावस्येला गाडीची पूजा. हळदकुंकू, लिंबू, नारळ. आधी आई नारळ बंपरवर फोडायची. अप्पा ओरडले, "रंग उडतोय की!" मग आईनं काय करावं? बॉनेट उघडून नारळ इंजिनावर! उन्हाळ्यापासनं! दर अमावस्येला! आणि सगळं पाणी प्लगाच्या खड्ड्यात!

मी म्हटलं, "आई, इंजिन हाय ते!"

"मग? पळतंय कोण, बंपर का इंजिन? जो पळतो त्याला नैवेद्य न्हाय द्यायचा?"

आता बोला! भाईसुद्धा म्हणाले, "अम्मा की बात में पॉइंट है."

शेवटी तेल सोडून, ठोकून, शिव्या घालून ते लोखंड निघालं. चारी प्लग नवे घातले. चावी फिरवली... काय सांगू, गाडी मांजरासारखी गुरगुरली! सुसाट! वळसंग कवा आलं कवा गेलं कळलंसुद्धा न्हाय, जिथं आमी सकाळपासनं अडकलो होतो!

पोचलो दीडला. चनमल्लप्पा दारात, हाताची घडी. अप्पांच्या सदऱ्यावर ऑइल, मानेवर गांधी उठलेल्या. मी म्हटलं, गेलं स्थळ. तर ते म्हणतात, "वळसंगात मुंग्या लई झाल्यात वाटतं." आणि हसले ओ! आत घेतलं!

मग आमाला दोघांना बोलायला बाहेरच्या खोलीत बसवलं. मी घामाघूम. महेश्वरी म्हणते, "पुन्हा कवा उशीर झाला तर खरं सांगणार का घरी बसून वळसंग सांगणार?" मी म्हटलं, "खरं. शपथ." ती म्हणाली, "मग माझी हरकत न्हाय."

पसंत! तुमाला सांगतो, मी हवेत! पेढे वाटले, गळाभेटी झाल्या, आणि निघताना चनमल्लप्पा म्हणतात, "शुभ झालंय, गाडीला नारळ फोडूया." महेश्वरीची आई नारळ घेऊन बंपरकडं निघाली, तर आमची आई, "तितं नको ओ विहीणबाई, रंग उडतोय. बसू, बॉनेट उघड!"

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी आभाळाकडं बघितलं. आणि नारळ माझ्या हातात कुणी दिला? महेश्वरीनं! "जोरात फोडा की," म्हणाली, "सगळ्यांसमोर लाजताय कशाला?"

आता सांगा, होणाऱ्या सासरी, पहिल्याच दिवशी, बायकोनं हातात दिलेला नारळ... न्हाय म्हणता येतं? फोडला. सगळं पाणी आत. नव्या प्लगांवर. प्लग केवढा? करंगळीएवढा!

अक्कलकोटपर्यंत बरं होतं. पुढं घर्र घर्र ठुक. मग घर्र ठुक ठुक. मग नुस्तं ठुक. मागनं मी आणि अप्पा ढकलतोय, आई आत बसून खोबरं खातीय, दिवस मावळतोय, आणि फोन वाजला. महेश्वरीचा! पहिला फोन ओ!

"पोचलात का?"

शपथ घेतलेली. मी धापा टाकत खरं खरं सांगितलं, "वळसंगपाशी हाय."

"म्हंजे घरी पोचलात," ती म्हणाली. "बरं झालं. हातपाय धुवा, चहा घ्या." आणि ठेवला की फोन!