‘काही ठिकाणी’ म्हणजे कुठं?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या सरपंच सीताबाई. व्यासपीठावर विराजमान असलेले, धुके अंदाज प्रकल्पाचे जिल्हाप्रमुख माननीय राजशेखर साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या शास्त्रज्ञ अर्पिता मॅडम. पहिल्या रांगेत काठी टेकून बसलेल्या माझ्या वहिनी धुरपदाबाई. आणि सुगीची कामं सोडून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

चार शब्द गोड बोला गुरुजी, असं मला संयोजकांनी बजावलंय. जन्मभर शाळेत पोरांना मी तेच शिकवलं. पण आज ते जमेलसं वाटत नाही. आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला माणूस आहे.

मॅडम पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा त्यांनी पारावर नकाशा पसरला होता. त्यावर बारीक बारीक चौकोन. म्हणाल्या, नेहमीच्या अंदाजात एका चौकोनात तुमचा निम्मा तालुका बसतो, माझ्या मॉडेलच्या चौकोनात एक वस्ती बसेल. हवा किती गार, जमीन किती ओली, वारा कुठला, हे सगळं कॉम्प्युटर प्रत्येक चौकोनासाठी वेगळं मोजणार आणि उद्या पहाटे धुकं कुठं धरेल ते सांगणार. आमचा गोरोबा वाकून बघत होता. म्हणाला, “म्हंजी माझा गोठा येगळा आन् देऊळ येगळं?” मॅडम म्हणाल्या, हो. त्या दिवसापासून गोरोबा त्यांचा भक्त झाला.

पण पहिला हिवाळा सगळा फुकट गेला. तळ्याखालच्या उतारावर हाताला हात दिसत नव्हता आणि कॉम्प्युटर म्हणत होता, आकाश निरभ्र. का? तर त्यातला जमिनीचा नकाशा दुष्काळाच्या वर्षी काढलेला. आमचं तळं त्यात पांढरं फटक माळरान म्हणून नोंदलेलं! पाणीच नाही तर ओल कुठली आणि धुकं कुठलं? बाहेर तळं काठोकाठ भरलं तरी कॉम्प्युटरात आमचा दुष्काळ काही हटेना. मॅडमनी मग सिदू धनगराला सोबत घेऊन तळ्याचा काठ पायी फिरून मोजला, आणि नकाशात पाणी भरलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र मजा आली. दिवेलागणीला फोन यायचा, उद्या तळ्याखालच्या रस्त्यावर ऊन वर येईपर्यंत गाड्या घालू नका. तुरीच्या फुलाला औषध कधी मारायचं तेही आम्ही त्यावरून ठरवायला लागलो. कधी चुकायचंसुद्धा. धुकं येणार म्हणाव्यात आणि पहाट लख्ख उजाडावी. मग सकाळी मॅडमचा आपणहून फोन, गुरुजी, आज मी चुकले. सरकारी माणूस असं म्हणताना तुम्ही कधी ऐकलाय का? साहेब, राग मानू नका.

मग वरून आदेश आला. गावाला थेट सांगायचं नाही. अंदाज जिल्ह्याला पाठवायचा, तिथं सही व्हायची, मग अधिकृत संदेश निघायचा. आणि त्या संदेशात गावाला, रस्त्याला जागाच नाही. एवढे बारीक चौकोन दळून पीठ केलं आणि आमच्या मोबाइलवर काय आलं? ‘जिल्ह्यात काही ठिकाणी धुके पडण्याची शक्यता.’ माझा पुतण्या बलभीम मला विचारायचा, “काका, आपलं गाव काही ठिकाणात येतंय का न्हाय?” मी काय सांगणार?

साहेब, या समारंभाच्या पत्रिकेवर आम्ही ‘कार्यक्रम जिल्ह्यात काही ठिकाणी’ असं छापलं असतं, तर आपण इथं पोचला असता का?

हसा, मंडळी. पण आता जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं नाही. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी मॅडमच्या मॉडेलनं तळ्याखालचा रस्ता दाखवला होता, दाट धुक्यासकट. मॅडमनी रस्त्याचं नाव घालून अंदाज वर पाठवला. पण येळवस म्हणजे आपल्याकडं काय असतं ते मी सांगायला नको. जिल्ह्याला सुट्टी, गावं ओस आणि शिवारं भरलेली. ज्यांनी सही करायची तेसुद्धा आपल्या गावी, आपल्या शेतात गेलेले. त्यांना दोष नाही, येळवशीला घरी बसेल तो इथला माणूसच नव्हे. पण संदेश आला दुपारी, आम्ही शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी-आंबील खाऊन ढेकर देत असताना. मी ‘आम्ही’ म्हणालो. बलभीमचं घर त्यात नव्हतं.

बलभीम पहाटेच ट्रॅक्टर घेऊन निघाला होता. मागं ट्रॉलीत लेकरं, बायका, आणि आंबिलीचं मडकं मांडीवर धरून वहिनी. तळ्याखाली पंक्चर झालेली उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागं दिवा नाही. धुक्यात ती बलभीमला दिसलीच नाही. लेकरं वाचली, देवीची कृपा. वहिनीचा खुबा मोडला.

मॅडम दवाखान्यात आल्या तेव्हा मी तिथंच होतो. वहिनीनं त्यांना जवळ बसवलं आणि विचारलं, “पोरी, तुला ठावं व्हतं का?”

मॅडम म्हणाल्या, “हो आजी.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडं होतं ते तिथं नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी आदेश बाजूला ठेवला आणि पुन्हा थेट फोन सुरू केले. अनधिकृत अंदाजानं घबराट पसरते, असं त्यांना कळवण्यात आलं. धुक्याला कोण घाबरतंय साहेब? आम्हाला भीती आहे त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीची.

आता मॅडमची बदली झाली आहे आणि प्रकल्पही बंद होतो आहे. कारण काय, तर मॅडमचे अंदाज काही वेळा चुकले आणि जिल्ह्याचा संदेश एकदाही चुकला नाही. बरोबर आहे! जो कुठंच बोट ठेवत नाही, तो चुकणार कसा?

मॅडम, हे घोंगडं सिदूनं दिलंय आणि हे बाजरीचे उंडे वहिनीनं स्वतः बसून केलेत. तिच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, हे तिनं मला भर सभेत सांगायला लावलंय. साहेब, तुमच्याकडं मागणं एकच. येत्या येळवशीला आमच्या रस्त्याचं नाव घेऊन सांगा, आणि आम्ही घराबाहेर पडायच्या आत सांगा. नुसती मान हलवू नका, बोलताना नाव घ्या.

अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. रागाच्या भरात माझ्याकडून अधिकउणं बोललं गेलं असेल तर पदरात घ्या. आणि चूक दाखवायचीच असेल तर नेमकी कुठं झाली ते तोंडावर सांगा. ‘काही ठिकाणी’ झाली, असं मात्र सांगू नका.