चांदीच्या मुठीची काठी

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी नंबरची वाट बघत बसले होते.

"बाबा, ही काठी कुठून आली?"

"सकाळी फिरायला येतात ना ते गोदामवाले, त्यांनी दिली."

"त्यांचा खटला माझ्यापुढे चालू आहे."

"म्हणून काय त्यांनी मला लंगडताना नुसतं बघत राहायचं?"

"बाबा, मी न्यायाधीश आहे."

"मी नाही ना. काठी मला दिलीय."

"मूठ चांदीची आहे."

"हाताला गार लागते."

"देताना काही बोलले?"

"अवाक्षर नाही. सज्जन माणूस. निकाल कधी आहे, एवढंच विचारलं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, काळजी करू नका, पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही."

"दोन वर्षं ऐकतेय मी हा खटला. आता सोडावा लागणार."

"एका काठीपायी?"

"तुमच्या शब्दापायी. काठी तर आजच परत जाणार."

आतून त्यांचा नंबर पुकारला. मुलीने काठी स्वतःकडे ओढून घेतली. म्हातारे खुर्चीच्या दांड्याला धरून कसेबसे उभे राहिले.

"मग हात तरी दे. की तोही घेता येत नाही तुझ्याकडून?"