स्कॉटलंडची उघडी फाटकं

नाही, मी काय म्हणतो, दगड बघायला गेला होता ना पोरगा? मग दगड बघायचे! फाटकांच्या वाटेला जायला सांगितलं होतं कुणी? तुम्हाला सांगतो, आमच्या नंदाखाल गावच्या प्लासिडचा थोरला, फ्लॉईड, दोन हजार तीन साली भूगर्भशास्त्र शिकायला स्कॉटलंडला गेला, तिथले सर म्हणाले, सहा आठवडे ही दरी पायी फिरायची, कुठे कुठला दगड आहे ते नकाशावर रंगवायचं, नकाशा पुरा झाला तर डिग्री, नाही झाला तर नाही. सोपं आहे की नाही? पण दरी पडली मॅक्रे नावाच्या म्हाताऱ्या मेंढीवाल्याची, आणि त्याची अट एकच... फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं.

आता मला सांगा, केळीच्या वाडीत वाढलेल्या माणसाला उघडं फाटक बघवेल? अहो, फ्लॉईड चालायला लागला तेव्हापासून प्लासिड ओरडतोय, ‘फाटक लाव रे पयलं, मग पानी पी!’ कारण फाटक उघडं म्हणजे कुणाची तरी म्हैस आत, आणि म्हैस आत म्हणजे केळीची अख्खी रांग आडवी. तर पहिल्याच दिवशी याला अकरा फाटकं उघडी दिसली, याने अकराही लावली, वर कडी ओढून बघितली, नीट बसली का म्हणून. संध्याकाळी दोनशे मेंढ्या डोंगरावर, प्यायचं पाणी खाली, आणि मधे मॅक्रे लालबुंद, ‘कुठल्या गाढवाचं काम हे?’ सरांनी माफी मागितली, फ्लॉईडने सायबिणीची, म्हणजे आमच्या मरियामातेची, शपथ घेतली, दुसऱ्या दिवशी हात खिशात कोंबून निघाला... आणि फाटक कमरेने ढकलून लावलं. त्याचं त्यालाही कळलं नाही.

घरी फोन केला, तर प्लासिड काय म्हणावा? ‘अकरा उघडी? आनि मालक झोपला व्हता काय?’ घ्या! बापाला तरी उघडं फाटक कुठे बघवतंय?

शेवटी मॅक्रेने डोकं चालवलं. अकराही फाटकं बिजागऱ्यांतून काढली आणि गोठ्यात नेऊन ठेवली. लाव आता काय लावतोस ते! झालं, मिटलं? कसलं मिटतंय! लावायला फाटकच नाही म्हटल्यावर हा दोन्ही हात पसरून स्वतःच पहिल्या फाटकाच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. मेंढ्या समोर उभ्या, हा समोर उभा. थोड्या वेळाने जाऊ, म्हणतोय, कुणीतरी येईल, मग जाऊ... कोण येणार त्या माळावर? सकाळी उभा राहिलेला माणूस अंधार पडल्यावर खोलीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सहाव्या आठवड्यात सर नकाशा बघायला आले. तर त्या एका मोकळ्या जागेभोवतीचा दगड न् दगड असा रंगवलेला, की नखाएवढी चीरसुद्धा सुटलेली नाही, आणि बाकीची दरी कोरी करकरीत. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नापास.

पोरगा फोनवर रडला हो. वाईट वाटलं मला, खरंच वाटलं, हुशार पोरगं. ‘पप्पा, मी मुद्दाम नाय केलं.’ प्लासिडने ऐकून घेतलं. मग विचारतो, ‘मेंढी एक तरी पल्याड गेली काय?’

‘नाय.’

‘मग?’

आता या बापाला काय समजवायचं?

सरही भला माणूस. म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात आणखी एकदा संधी देतो, फक्त दुसरी दरी बघू. सगळ्या मेंढीवाल्यांना पत्रं गेली. पण फाटकांची गोष्ट गावोगाव झालेली, सगळ्यांचा नकार. होकार एकट्या मॅक्रेचा, तोही उलट टपाली. म्हणे, चाळीस वर्षांत माझ्या मेंढ्या इतक्या शिस्तीत कधी राहिल्या नव्हत्या, पोराला जरूर पाठवा, आणि याला भाऊ आहे का?

प्लासिड दुसऱ्याच दिवशी आगाशीला जाऊन धाकट्या फेबियनचे पासपोर्टचे फोटो काढून आला.